कळ कोणाच्या हातीं?



पालघर जिल्ह्यांतील मोखाडा तालुक्यांत कोचाळे गांवाजवळ मध्य वैतरणेचें धरण आहे. त्याची उंची १०२ मीटर. २०१४ सालापासून त्यांतलें पाणी मुंबईकरांच्या नळाला येतें. आणि त्याच मोखाड्यांतील, तसेच शेजारच्या जव्हारांतील, कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस पडतो तो याच डोंगरांवर; परंतु दरवाजाची कळ पाड्यांच्या हातीं नाहीं. कोणतीहि मोजकी वस्तु अनेकांना पुरवावयाची झाली, कीं मध्यें एक कळ बसवावी लागते. आणि कळ बसली, कीं ती फिरविणार कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

आज मी ज्या कळीचा इतिहास सांगणार आहें, ती अगदीं लहान, टेबलाच्या कोपऱ्यांत मावणारी डबी आहे. चार संगणकांनीं दोनच मॉनिटर आळीपाळीनें वापरावयाचे असतील, तर ती मध्यें ठेवतात. बटण दाबलें, कीं पडद्यावर एका संगणकाऐवजीं दुसऱ्याचें काम दिसूं लागतें. डबी आजची खरी. पण तिचें कुळ टेलिफोनाइतकें जुनें आहे.

शंभर घरांनीं एकमेकांशीं बोलावयाचें ठरविलें आणि प्रत्येक घरापासून प्रत्येक घराला स्वतंत्र तार न्यावयाची म्हटली, तर ४,९५० तारा लागतील. त्याऐवजीं सर्वांच्या तारा एका खोलीत आणल्या, तर शंभर पुरतात. मात्र त्या खोलीत जोडून देणारा कोणी तरी हवा. या साध्या हिशेबांतून टेलिफोन एक्स्चेंज जन्मास आलें. अमेरिकेंत न्यू हेवन येथें तें १८७८ सालीं निघालें. हिंदुस्थानांत ओरिएंटल टेलिफोन कंपनीला १८८१ सालीं परवाना मिळाला, आणि २८ जानेवारी १८८२ रोजीं कलकत्ता, मुंबई व मद्रास या तिन्ही शहरीं एक्स्चेंजें सुरू झालीं. समोर भोंकांचा फळा, हातांत दोरीचा खुंटा, आणि कानाला लावलेला श्रवणयंत्राचा तुकडा, अशा थाटांत बसलेला ऑपरेटर हीच त्या वेळची कळ होती.

परंतु माणूस ही कळ निःपक्षपाती असतेच असें नाहीं. अमेरिकेंत कॅन्सस शहरीं आल्मन स्ट्रोजर नांवाचा अंत्यविधीची व्यवस्था करणारा एक व्यावसायिक होता. त्याची गोष्ट अशी सांगतात, कीं आपल्याकडे येणारीं गिऱ्हाइकें ऑपरेटर दुसऱ्याच धंदेवाल्याकडे वळविते, असा त्याला संशय आला. गोष्ट कितपत खरी हें बाजूला ठेवूं. तिच्यांतून जें यंत्र निघालें तें मात्र निश्चित खरें आहे. ज्याला बोलावयाचें त्यानेंच आपल्या हातानें जोडणी करावी, असा स्वयंचलित खटका स्ट्रोजरनें तयार केला. १८९१ सालीं त्याला पेटंट मिळालें, आणि १८९२ सालीं ला पोर्ट गांवीं त्या तत्त्वावरील एक्स्चेंज सुरू झालें. कळ मधल्या माणसाच्या हातून सुटून ग्राहकाच्या बोटापाशीं आली. आपल्याकडे पहिलें स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ सालीं सिमल्यास बसलें. ट्रंक कॉल लावून तास तास वाट पाहणें मात्र पुढें कित्येक वर्षें चाललें. ग्राहकानें थेट परगांवीं क्रमांक फिरवावा ही सोय १९६० सालीं प्रथम कानपूर व लखनौ यांच्यामध्यें झाली.

यानंतर कळीचें रूप बदललें. आडव्या पट्ट्या आणि उभ्या पट्ट्या एकमेकींवर ठेवाव्यात, आणि जेथें जोडावयाचें त्या चौकांत संपर्क व्हावा, अशी चौकटीची रचना पुढें आली. आपल्या टेबलावरील डबींतहि हीच चौकट आहे. दोन मॉनिटर व चार संगणक यांचे चौक आठ. साध्या डबींत दोन्ही मॉनिटर एकदमच एका संगणकाकडे जातात. चौकटीच्या डबींत डावा पडदा एकाला आणि उजवा दुसऱ्याला देतां येतो. स्वस्त डबी आणि महाग डबी यांतला मुख्य भेद हाच.

आतां संगणकाकडे वळूं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं देशांत घडविलेला एक मोठा संगणक काम करूं लागला. त्यांत सुमारें २,७०० व्हॉल्व्ह होते, जुन्या रेडिओंत असत तसे. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नांव जाहीर केलें. तेव्हां यंत्र एक आणि गणितें घेऊन येणारे शास्त्रज्ञ पुष्कळ, अशी स्थिति होती. वांटून घ्यावयाचा होता तो यंत्राचा वेळ. पुढें संगणक स्वस्त झाले आणि हिशेब उलटला. आज एका माणसासमोर दोन-चार यंत्रें असतात, पण त्याचे डोळे दोनच आणि टेबल एकच. मोजकी वस्तु आतां यंत्र नव्हे, माणसाची नजर ही आहे.

म्हणून १९८७ सालीं आय.बी.एम. कंपनीनें व्हीजीए ही पंधरा टोंकांची जोडणी आणल्यानंतर हातानें फिरवावयाच्या डब्या कार्यालयांतून दिसूं लागल्या. १९९५ सालीं सायबेक्स कंपनीच्या रेमिजियस शाटास यांनीं 'केव्हीएम' हें नांव दिलें, असें सांगतात. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस यांचीं तीं आद्याक्षरें होत.

या डबीची खरी कसोटी जोडण्यांत नाहीं, तोडण्यांत आहे. मॉनिटर आपलें नांव व आपलीं मापें संगणकाला कळवीत असतो. या ओळखपत्राचा नमुना १९९४ सालीं ठरला. कळ फिरतांच मागें राहिलेल्या संगणकाला वाटतें, कीं आपला मॉनिटर कोणी काढून नेला. मग तो उघडलेल्या सर्व खिडक्या उरलेल्या पडद्यावर ढकलतो, आणि परत येऊन पाहावें तों मांडलेला संसार विस्कटलेला! चांगली डबी त्या संगणकाला तें ओळखपत्र स्वतःच दाखवीत राहते. तो निर्धास्त असतो, आणि आपली पाळी येतांच मांडणी जशीच्या तशी मिळते. वाटणींत ज्याची पाळी नाहीं त्याचेंहि स्थान राखून ठेवावें, ही गोष्ट यंत्राला मुद्दाम शिकवावी लागली.

दुसरी कसोटी उलट्या बाजूची आहे. गुप्त कामाचा संगणक आणि बाहेरच्या जगाला जोडलेला संगणक एकाच पडद्यावर पाहावयाचे असतील, तर एकाचें अक्षरहि दुसऱ्याकडे झिरपतां कामा नये. अशा ठिकाणीं जोडणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच वेगळें ठेवणेंहि.

ग्रामीण भागालाहि या कुळाची एक शाखा लाभली. १९८४ सालीं स्थापन झालेल्या 'सी-डॉट' संस्थेनें १२८ जोडण्यांचें ग्रामीण एक्स्चेंज तयार केलें. खेड्यांतील ऊन व धूळ सोसून, वातानुकूलित खोलीवांचून चालावें, असें तें यंत्र होतें. मोठ्या शहराची कळ लहान करून खेड्यांत ठेवावी, असा तो प्रयत्न नव्हता. खेड्याची गरज पाहून कळ घडविली होती.

जव्हारच्या एखाद्या शाळेंत उद्यां संगणक चार आणि चांगले मॉनिटर दोनच असले, तर ही डबी उपयोगी पडेल. ती घेतांना किंमत पाहावी, चौकट पाहावी, ओळखपत्र राखते कीं नाहीं तें पाहावें. आणि ती मांडतांना एवढेंच करावें, कीं बटण शिक्षकांच्या कपाटांत न जातां मुलांच्या हाताशीं राहील, आणि कोणाची पाळी चालू आहे तें दाखविणारा तिचा लहानसा दिवा सर्वांना दिसेल.