मातीकाम पाहायला भद्रावतीला

पुण्या-मुंबईकडे आता कॉफी पिता पिता चाकावर बसून मातीची वाटी घडवता येते, अशा जागा निघाल्या आहेत. सुट्टीत आलेली नातवंडे त्याचे फोटो दाखवतात. पांढुर्णा-सौंसरच्या आपल्या कुटुंबांना मातीकाम जवळून पाहायचे असेल, तर एवढ्या लांब जाण्याची गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती आपल्याला जवळची आहे. सभासदांसाठी थोडी माहिती येथे देत आहोत.

गाव
भद्रावतीचे जुने नाव भांदक. रेल्वे स्टेशनवर आजही तेच नाव आहे. भद्रनागाचे देऊळ, पार्श्वनाथांचे जैन मंदिर, विजासन टेकडीतील बौद्ध लेणी आणि जुना किल्ला असे सर्व एकाच गावात पाहायला मिळते. गांधीविचाराच्या ग्रामोद्योग चळवळीतील कार्यकर्ते कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी येथे ग्रामोदय संघ उभा केला आणि कुंभारकामाला प्रशिक्षणाची जोड दिली.

कसे जावे
नागपूरहून जाम, वरोरा मार्गे चंद्रपूरच्या रस्त्यावर भद्रावती लागते. वाटेत वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन आहे. मातीकाम पाहायचे असल्यास आधी विचारून जावे. पावसाळ्यात माल वाळत नाही म्हणून काम मंदावते. दिवाळीनंतरचे दिवस बरे.

काय पाहावे
माती भिजवून, खडे काढून, तुडवून लोंदा केला जातो. चाकावर मडक्याचा आकार येतो, पण माठाचे पोट थापटण्याने ठोकूनच वाढवतात. नंतर सावलीत सावकाश वाळवण; घाई केली की तडा जातो. साध्या आव्यात साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअस उष्णता मिळते. हवा खेळती असली तर मातीतील लोहामुळे भांडे लाल होते, धूर कोंडला तर काळे. चिनीमातीसारखी चकचकीत भांडी याहून बऱ्याच जास्त उष्णतेवर भाजतात. माठातले पाणी बारीक छिद्रांतून झिरपते, त्याची वाफ होते आणि म्हणून पाणी गार राहते. चकाकी दिलेल्या भांड्यात हा गुण नसतो.

गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे मडके म्हटले, ही कथा मुलांना तेथेच सांगावी. ठोकल्यावर पक्क्या आणि कच्च्या मडक्याचा आवाज वेगळा येतो, हे ती स्वतःच्या कानांनी ऐकतील.

परत आल्यावर
संक्रांतीची सुगडे, अक्षय्य तृतीयेची घागर, पोळ्याचे बैल, नवरात्राचा घट, दिवाळीच्या पणत्या: आपले वर्ष मातीशिवाय पुरे होत नाही. तरी शहरातल्या वाटीला तीनशे रुपये देणारे आपण बाजारात माठासाठी वीस रुपयांची घासाघीस करतो. आमच्यापैकी ज्यांनी बँकेत कर्जाचे अर्ज तपासले, त्यांना या धंद्याचा हिशेब ठाऊक आहे. माती, जळण आणि मजुरी आधी द्यावी लागते. आव्यात फुटले ते गेले. आणि विक्री चार सणांतच होते. म्हणून घरातला मुलगा चाक सोडून नागपूरला कामाला जातो.

ओळखीच्या कुंभार कुटुंबाला एक माहिती अवश्य द्यावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज मिळू शकते: पहिला हप्ता १ लाखापर्यंत, त्याची परतफेड झाल्यावर दुसरा २ लाखांपर्यंत. नोंदणी जनसेवा केंद्रावर आधार कार्डासह होते. अर्ज भरताना मंडळातील निवृत्त बँकवाल्यांनी सोबत बसावे.

आणि यंदा पोळ्याचे बैल, घट व पणत्या आपल्याच गावच्या कुंभाराकडून, सांगेल त्या भावाने घ्याव्यात, अशी सर्व सभासदांना विनंती. शक्य तर महिनाभर आधी मागणी नोंदवून थोडी उचल द्यावी. जळणाची सोय त्यातून होते.