उडत्या तबकड्यांची चौकशी

२ एप्रिल २०२२, पाडव्याचा दिवस. आमच्या आदिलाबादेत त्या दिवशी एका घरावर गुढी, तर शेजारच्या घरी उगादीची पच्चडी. आमच्याकडे जेवणं दिवस मावळायच्या आतच होतात, त्यामुळे ओटा धुऊन मी निवांत बसले होते. आठच्या सुमारास चंद्रपूरहून धाकट्या जाऊबाईंचा फोन आला. "ताई, आत्ता आभाळातून आगीचे गोळे ओळीनं गेले. अख्ख्या गल्लीनं पाहिलं!" मी ते घरात सांगितलं, तर बैठकीतून हसू आलं, "पुरणपोळी जास्त झाली वाटतं!"

मग बातम्या आल्या. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत त्याच वेळी धातूचं भलंमोठं कडं पडलं होतं. व्यास दोन-तीन मीटर, वजन चाळीस किलोंच्या वर. गावात पंगतीची तयारी चालली होती, एवढ्यात आभाळ लाल झालं, धाडकन आवाज आला आणि लोक घरांत पळाले. अर्धा तास कुणी बाहेर येईना. जवळच्या पवनपारला धातूचा एक गोळाही सापडला. वस्तू पोलीस ठाण्यात ठेवल्या गेल्या आणि पुढच्याच आठवड्यात इस्रोची माणसं पाहणीला आली. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी 'लाँग मार्च' रॉकेटचा एक टप्पा खाली येताना जळाला, त्याचेच हे तुकडे. बैठकीतलं हसू मात्र कुणी परत घेतलं नाही.

आभाळातल्या अशा गोष्टींची सरकारी चौकशी जुनीच. १९४७ च्या जूनमध्ये अमेरिकेत केनेथ अर्नोल्ड या वैमानिकानं नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्याचं सांगितलं आणि 'उडती तबकडी' हा शब्द जगभर झाला. त्यांच्या हवाई दलानं आधी दोन छोट्या चौकश्या केल्या आणि १९५२ पासून 'प्रोजेक्ट ब्लू बुक' चालवलं. तबकडीत कोण बसलंय यापेक्षा ती शत्रूची तर नाही ना, ही त्यांची मुख्य काळजी. १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी झाल्या, त्यांतल्या ७०१ चा उलगडा झाला नाही.

या सगळ्यात माझं मन अडकतं ते हिल्सडेलच्या मुलींपाशी. मिशिगन राज्यातल्या या गावी, मार्च १९६६ मध्ये, कॉलेजच्या वसतिगृहाच्या खिडक्यांतून ऐंशीहून अधिक मुलींनी रात्री दलदलीवर दिवे हलताना पाहिले. ब्लू बुकचे सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक तिथे गेले आणि काही दिवसांतच पत्रकारांना म्हणाले, कुजलेल्या पालापाचोळ्यातून निघणारा दलदलीचा वायू असावा. झालं! वर्तमानपत्रांनी त्यांची टर उडवली. पाहणाऱ्यांना वाटलं, आपल्याला खुळ्यात काढलं. मिशिगनचेच खासदार जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदेत चौकशी मागितली. मग कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड काँडन यांच्या हाताखाली अभ्यास झाला. पुढे शोधून विज्ञानाला फारसं काही मिळणार नाही, असं त्यांनी सांगितलं आणि १९६९ च्या डिसेंबरात ब्लू बुक बंद. हायनेक यांनाच पुढे आपल्या घाईची रुखरुख लागली असावी. पूर्वी शंका घेणाऱ्या या माणसानं १९७३ मध्ये अशा नोंदींसाठी स्वतःची संस्था काढली.

वायूच होता की आणखी काही, मला त्याचं फारसं पडलेलं नाही. पण त्या मुलींपाशी बसून एकेकीला नीट विचारलं असतं, तर काय बिघडलं असतं?

आपल्याकडे लडाखात हे बरं जमलं. २०१२-१३ मध्ये पँगाँग तलावाच्या बाजूला जवानांना रात्री तेजस्वी ठिपके दिसत. चीनची टेहळणी विमानं असावीत अशी धास्ती. सैन्यानं तीनशेच्या वर नोंदी ठेवल्या. त्यांना कुणी वेड्यात काढलं नाही. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या मंडळींनी ठिपके कधी उगवतात, ताऱ्यांच्या मानाने कसे सरकतात, ते ताडून पाहिलं. निघाले काय, तर गुरू आणि शुक्र!

हे वाचून मी जाऊबाईंना फोन लावला आणि त्या रात्रीचं सगळं पुन्हा विचारलं. गोळे कुठून कुठे गेले, किती वेळ दिसले, आवाज आला का. त्यांना सगळं आठवत होतं. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया गोळा करायला त्या वर गेल्या होत्या, हेसुद्धा.