पडद्यावर वाचलेली आगगाडी

तोट्यातली गावची आगगाडी बंद करण्याचा सरकारी निर्णय आणि ती स्वतः चालवण्याचा गावकऱ्यांचा हट्ट, एवढ्याच कथासूत्रावर 'द टिटफिल्ड थंडरबोल्ट' हा ब्रिटिश चित्रपट उभा आहे. ईलिंग स्टुडिओचा हा विनोदी चित्रपट १९५३ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शन चार्ल्स क्रायटन यांचे, तर पटकथा टी. ई. बी. क्लार्क यांची.

टिटफिल्ड हे काल्पनिक खेडे. तेथील रेल्वेवेडा पाद्री इंजिन हाकतो. पैसा पुरवणारा धनिक मात्र वेगळ्याच हिशेबाने पुढे येतो. मद्यालये सकाळी उघडत नाहीत, पण धावत्या गाडीतील बारला ते बंधन नाही! प्रवाशांवर डोळा ठेवून असलेले बसमालक घातपातावर उतरतात. इंजिन निकामी होताच संग्रहालयातील जुने इंजिन बाहेर काढून परीक्षेची फेरी पार पाडली जाते. गाडीला सुमारे दहा मिनिटे उशीर होतो आणि तोच पथ्यावर पडतो. वेळेत पोहोचली असती, तर अशा लहान मार्गांची वेगमर्यादा ओलांडल्याचा ठपका बसला असता. सरकारी नियमांची इतकी गोड थट्टा विरळाच.

ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. वेल्समधील टॅलिलिन ही स्लेटच्या खाणींसाठी बांधलेली अरुंद रेल्वे १९५० मध्ये मालकाच्या निधनाने बंद पडण्याच्या बेतात होती. लेखक एल. टी. सी. रोल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्था स्थापून १९५१ पासून ती स्वयंसेवकांच्या बळावर चालवली. स्वयंसेवकांनी वाचवलेली ही जगातील पहिली रेल्वे मानली जाते. क्लार्क यांना विषय गवसला तो तेथेच. ती रेल्वे आजही धावते.

पडद्यावरील 'थंडरबोल्ट' म्हणजे 'लायन' हे खरेखुरे इंजिन. १८३८ मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेसाठी ते बांधले गेले. रेल्वेने मोडीत काढल्यावर ते लिव्हरपूलच्या गोदीत पंप चालवण्याच्या कामी आले आणि त्यामुळेच भंगारातून बचावले. चित्रीकरणाच्या वेळी त्याचे वय ११४ वर्षे होते.

चित्रीकरण झाले ते १९५२ च्या उन्हाळ्यात, बाथ शहराजवळील लिंप्ली स्टोक-कॅमर्टन या मार्गावर. तेथील प्रवासी गाड्या १९२५ मध्येच थांबल्या होत्या आणि मालवाहतूकही १९५१ मध्ये बंद झाली होती. म्हणून तर चित्रपटासाठी मार्ग मोकळा मिळाला. त्याच्या मदतीला कोणी पाद्री वा धनिक धावला नाही. १९५८ मध्ये रूळ उखडले गेले. पडद्यावर टिटफिल्ड म्हणून दिसलेले माँक्टन कूम स्थानकही पाडण्यात आले.