बापाकडून विकत घेतलेलं घर

माझे आजोबा साताऱ्यात बाँड रायटर होते, पुढे वडील, आणि आता मी. आजोबांचे कच्चे मसुदे आमच्याकडे अजून बांधून ठेवलेले आहेत. सुरुवातीचे मोडीत, नंतरचे बाळबोधीत. त्यात एक प्रकार पुन्हा पुन्हा भेटतो : लिहून देणार बाप, लिहून घेणार मुलगा, आणि किंमत बाजारभावाच्या निम्मीसुद्धा नाही.

साठच्या दशकातला एक मसुदा बघा. आठ खणांचं घर, मागे परस, विहिरीत निम्मा हिस्सा. चतुःसीमा बारकाईनं घातलेल्या, मग ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह’ ही नेहमीची ओळ. किंमत दीड हजार. त्याच आळीतलं सहा खणांचं घर परक्याला चार हजारांना गेल्याचा कागद त्याच बंडलात आहे. भरण्याच्या कलमात लिहिलंय, हजार रुपये पूर्वीच वेळोवेळी पोचले, पाचशे सब-रजिस्ट्रारसमोर रोख. शेवटी, आम्हां उभयतांस हयातीपर्यंत माजघर व स्वयंपाकघर वापरण्यास हरकत करू नये.

कायद्याला हे चालत होतं. १८७२च्या करार कायद्यात, कलम २५ खाली, हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना देण्याच्या कराराचं उदाहरणच आहे. संमती मोकळेपणानं दिलेली असेल तर करार पक्का. लगेच पुढच्या उदाहरणात विकणारा म्हणतो, माझी संमती मोकळी नव्हती. तेव्हा मात्र कोर्टानं ती कमी किंमत विचारात घ्यायची. आजोबा ‘राजीखुशीने, कोणाच्या दडपणास बळी न पडता’ हे शब्द कधी गाळत नसत, ते यासाठीच.

मग सरळ बक्षीसपत्र का नाही? वडील सांगायचे, फुकट दिलं की धाकटा विचारतो, मला काय? थोडे का होईना, पैसे मोजले की थोरल्याला भावकीत सांगता येतं, मी विकत घेतलंय. शिवाय म्हातारपणी बापाच्या हातात चार पैसे राहतात, कोणापुढे हात पसरावा लागत नाही. हे मला पटतं.

पण मसुदे सालावारी लावले की आणखी काही दिसतं, आणि ते बघून वाईट वाटतं. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं, बाप मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. आमच्या बंडलांत बाप-लेकाची खरेदीखतं वाढतात ती त्यानंतर. हयातीतच घर विकून टाकलं की वाटणीला उरतंच काय? मुलाला मिळालेली सूट बहुतेकदा लेकीच्या वाट्यातून गेली. वडिलोपार्जित घर बापाला मनमानी विकता येत नसे, म्हणून तिथं ‘प्रपंचाच्या निकडीपोटी’ असं कारण घातलेलं. काही दस्तांवर लेकी ‘मान्यता देणार’ म्हणून आहेत, सहीच्या जागी अंगठा. बदल्यात काय, तर साडीचोळी, आणि माहेर तुटणार नाही एवढी आशा. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्या वगळून. त्यांना २००५पर्यंत थांबावं लागलं.

कमी किमतीचा व्यवहार मागे पडला तो मात्र शुल्कापायी. ऐंशीच्या दशकात मुद्रांक शुल्क दस्तातल्या किमतीऐवजी बाजारमूल्यावर आलं. १९९५च्या नियमांनंतर रेडीरेकनरचा तक्ता समोर ठेवूनच दस्त लिहायचा, असं झालं. मुलाला निम्म्यात द्या नाहीतर पावपटीत, शुल्क पूर्ण किमतीचं. २००३पासून आयकराच्या कलम ५०सीनं बापाचा भांडवली नफाही सरकारी दरानं धरायला सुरुवात केली. मग २०१५ साली राज्य सरकारनं राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये केलं. त्यानंतर आमच्याकडे बाप-लेकाचं खरेदीखत क्वचितच येतं.

शुल्क वाचलं, पण म्हाताऱ्यांच्या हाती येणारी रक्कम गेली, आणि तयार मसुद्यांतून राहण्याच्या हक्काचं कलमही गेलं. बक्षीसपत्र एकदा झालं की मनाला येईल तेव्हा फिरवता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्यात, कलम २३नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर सांभाळ न झाल्यास परत मागता येतं. पण तशी अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली सुदेश छिकारा खटल्यात म्हटलं. म्हणून मी अट लिहितेच. “ताई, आमच्यात तशी वेळ यायची नाही,” मुलगा म्हणतो. तरी लिहिते, आणि आईला ते कलम दोनदा वाचून दाखवते.

मुली किती, आणि त्यांना हे ठाऊक आहे का, हेही विचारते. अलीकडे काही भाऊ बहिणीला दिलेली रक्कम चेकच्या नंबरासह दस्तात घालून घेतात. असे दस्त ठरायला वेळ लागतो, घरात दोन-दोन बैठका होतात, एखादी बहीण पुण्याहून यायची थांबते. मी तारीख पुढची घेते.