जाळी, डबा आणि परवाना

१९७५ च्या श्रावणात आम्ही मामांच्या गावी होतो. गाव त्या वेळच्या विजापूर जिल्ह्यातले. मामा तेथील प्राथमिक शाळेत शिक्षक. शाळेपुढील मोकळ्या जागेत तीन मीटर व्यासाची एक उताणी छत्री पश्चिमेकडे तोंड करून उभी केलेली होती आणि संध्याकाळी सारा गाव पडवीत ठेवलेल्या दूरचित्रवाणी संचासमोर बसत असे. संचापेक्षा आम्हांला त्या छत्रीचेच नवल अधिक वाटले. कारण ती ज्या तारेच्या जाळीची होती, तीच जाळी आजोळच्या परड्यात कोंबड्यांच्या खुराड्याला मारलेली होती. इतक्या भोकांतून चित्र गळून कसे जात नाही, असे आम्ही विचारले. मामा म्हणाले, "पाणी गळेल रे यातून, लहर गळत नाही."

उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा तो 'साइट' नावाचा प्रयोग होता. अमेरिकेने एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी दिला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत त्यावरून थेट कार्यक्रम दिसत. आपल्या भागातील विजापूर, गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे त्यांत होते. अहमदाबादच्या अवकाश केंद्राची आखणी आणि हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाची बांधणी, असा तो योग होता. प्रक्षेपण ८६० मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे लहरीची लांबी सुमारे पस्तीस सेंटिमीटर. खुराड्याच्या जाळीचे भोक त्यापुढे नगण्य. म्हणून त्या लहरीला जाळी ही अखंड भिंतच. वर्ष संपले, उपग्रह परत गेला. त्या जाळीचे पुढे काय झाले, हा सरकारी मालमत्तेचा विषय असल्याने त्यावर अधिक लिहीत नाही. पुढल्या उन्हाळ्यात मात्र गावात खुराडी वाढलेली दिसली खरी.

आम्ही काही विज्ञानाचे विद्यार्थी नव्हे. महसूल खात्यात आयुष्य गेले. तरीही या विषयाचा इतिहास आम्ही निवृत्तीनंतर जमेल तसा वाचला, त्यास एक खाजगी कारण आहे. ते ओघात येईलच.

अँटेनाचे काम लहरी सोडणे व टिपणे. साधी उभी काडी चारही दिशांना सारखीच लहर पसरते. पूर्वी भिंतीवरच्या कंदिलामागे चकचकीत पत्रा लावीत, तेव्हा तेल तेवढेच जळे, पण पुढील अंगण अधिक उजळे. दिशादर्शी अँटेना म्हणजे तो पत्रा. शक्ती वाढत नाही, ती एका अंगाला वळते. आणि टिपतानाही त्याच अंगाचे ऐकू येते, बाकीचा गलबला मागे राहतो.

हे पहिल्यांदा साधले ते जर्मनीत, कार्ल्सरूह येथे, १८८८ साली. हाइन्रिख हर्ट्‌झ यांनी जस्ताचा पातळ पत्रा लाकडी चौकटीवर अन्वस्ताच्या आकारात वाकवून दोन मीटर उंचीचे आरसे केले. एकाच्या नाभिरेषेवर ठिणगी पाडली, तर समोरच्या आरशाच्या नाभीवर सूक्ष्म ठिणगी उमटे. ती लहर सहासष्ट सेंटिमीटरची होती. सुताराची चौकट आणि पत्रा, एवढ्या सामग्रीवर विद्युच्चुंबकीय लहरी प्रकाशाप्रमाणेच सरळ जातात व परावर्तित होतात, हे सिद्ध झाले. जिला आज आपण डिश म्हणतो तिची ही आजी.

आपल्याकडे कलकत्त्यास जगदीशचंद्र बसूंनी याहून पुष्कळ आखूड, पाच ते पंचवीस मिलिमीटरच्या लहरी हाताळल्या. प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांना धड प्रयोगशाळा नव्हती. पत्रेकाम करणाऱ्या एका साध्या कारागिराला हाताशी धरून त्यांनी उपकरणे घडविली. लहरी गोळा करण्यासाठी त्यांनी चौकोनी नरसाळे वापरले. हॉर्न अँटेनाचा तो आरंभकाळ. लहरी एका पातळीत गाळून घेण्यासाठी त्यांनी वापरलेली वस्तू तर वाचून हसू येते: ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक, पानापानांत कथलाचा वर्ख घातलेले. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी व्याख्यान दिले, तेव्हाची त्यांची सामग्री ही अशी होती.

पुढची पायरी जपानची. सेंदाई येथील विद्यापीठात शिंतारो उदा यांनी धातूच्या काड्या एकापुढे एक मांडून एका दिशेला झेपावणारी अँटेना सिद्ध केली. १९२६ साली त्यांचे प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांच्यासह त्यांनी ती प्रसिद्ध केली, पण पेटंट एकट्या यागींच्या नावे, आणि जगाच्या तोंडी नावही यागींचेच बसले. कनिष्ठाने टिपण तयार करावे आणि वरिष्ठाने सही ठोकावी, हा प्रकार आमच्याच कचेऱ्यांपुरता नव्हता, एवढा दिलासा यातून मिळतो. गंमत पुढेच आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, तेव्हा जपान्यांच्या हाती एका ब्रिटिश सैनिकाची रडारविषयीची वही लागली. तीत 'यागी' हा शब्द वारंवार आलेला. अर्थ लागेना म्हणून युद्धकैद्यालाच विचारले, तर ते ज्या जपानी प्राध्यापकाने ही अँटेना शोधली त्याचे नाव आहे, असे उत्तर मिळाले! १९८० नंतर आपल्या घराघरांच्या गच्चीवर जो ॲल्युमिनियमचा सांगाडा उगवला तो हाच. एकाने वर चढून तो फिरवायचा आणि खालून दुसऱ्याने "आलं, आलं... गेलं!" असे ओरडायचे, हे ज्यांनी केले आहे त्यांना दिशादर्शी अँटेना म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातील व्हीटन गावी ग्रोट रेबर या तरुण अभियंत्याने १९३७ साली पदरच्या पैशाने परसात सुमारे साडेनऊ मीटरची डिश उभारली व आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओलहरी टिपल्या. कोणतीही संस्था पाठीशी नव्हती. पुढे पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ मीटरच्या तीस डिश उभ्या केल्या. त्याही पत्र्याच्या नाहीत. दोरखंडांच्या कैच्यांवर ताणलेल्या बारीक तारेच्या जाळीच्या आहेत, त्यामुळे वारा आरपार जातो व वजन वाचते. खोडदला आम्ही सहकुटुंब गेलो असता मामांच्या शाळेची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

आता संगणकांच्या बिनतारी जाळ्याकडे वळू. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा एके काळी जवळजवळ टाकाऊ मानला जाई, कारण अन्न तापविणाऱ्या सूक्ष्मलहरी भट्ट्या त्यातच गोंगाट करतात. १९८५ साली अमेरिकेने तो व तसे आणखी काही पट्टे ठरावीक मर्यादेत विनापरवाना दळणवळणास खुले केले. १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक ठरले, १९९९ मध्ये त्याची वेगवान आवृत्ती आली आणि वाय-फाय हे नाव रूढ झाले. ही सोय एका घरापुरती, शंभर-दीडशे फुटांची कल्पिलेली होती. परंतु लहर सव्वाबारा सेंटिमीटरची, म्हणजे स्वयंपाकघरातील भांड्यांच्या मापाची! मग हातांना खाज सुटणारच.

२००१ साली कॅलिफोर्नियात रॉब फ्लिकेंजर यांनी प्रिंगल्स या बटाट्याच्या वेफर्सच्या उभट डब्यात आटे पाडलेल्या सळीवर वायसर ओवून एक अँटेना केली. तत्त्व यागी-उदांचेच. तिची कीर्ती जगभर झाली, तरी डबा अंमळ अरुंद होता. पुढे साधे, थोडे रुंद पत्र्याचे डबेच सरस ठरले. न्यूझीलंडमध्ये मॅसी विद्यापीठाचे स्टॅन स्वान यांनी तर चिनी आचाऱ्याचा जाळीचा झारा घेतला आणि त्याच्या नाभीवर संगणकाला जोडावयाचे छोटे बिनतारी उपकरण बसविले. झाऱ्यातून तेल गळते, लहर गळत नाही.

डब्याचे गणित थोडक्यात असे. एका तोंडाने बंद असलेला धातूचा गोल डबा लहरीला वाट करून देणारी नळी होतो. या लहरीसाठी व्यास सव्वासात ते सव्वानऊ सेंटिमीटरच्या दरम्यान हवा. त्याहून अरुंद असल्यास लहर आत शिरत नाही, रुंद असल्यास नको ते प्रकार माजतात. नऊ सेंटिमीटरचा डबा घेतला तर बुडापासून सुमारे पाच सेंटिमीटरवर भोक पाडून कनेक्टर बसवावयाचा आणि त्याला तीन सेंटिमीटरहून किंचित अधिक लांबीचा तांब्याच्या तारेचा तुकडा आत उभा जोडावयाचा. डब्याची लांबी पंधरा सेंटिमीटरच्या आसपास. यातील तार चुकली की सगळे चुकले. डबा घासूनपुसून लखलखीत केला म्हणून काही अधिक मिळत नाही. असा डबा एका दिशेला सुमारे आठपट जोर देतो.

घरगुती अँटेनांचे मोल खरे कळले ते डोंगराळ मुलुखात. नेपाळच्या म्याग्दी जिल्ह्यातील नांगी गावचे शिक्षक महाबीर पुन यांनी २००१ साली बीबीसीला पत्र लिहून सल्ला मागितला, तेव्हा देशोदेशीचे स्वयंसेवक धावून आले. माओवादी बंडाळीचा काळ; बिनतारी उपकरणांवर निर्बंध. ती गुपचूप आणावी लागली. टीव्हीच्या छत्र्या झाडांवर बांधून नांगी व शेजारचे रामचे ही गावे जोडली गेली, मग डोंगरमाथ्यावरील ठाण्यांवरून पोखरापर्यंत दुवा पोहोचला. २००७ मध्ये पुन यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी मोठ्या डिश वापरून ३८२ किलोमीटरचा वाय-फाय दुवा जोडून दाखविला. पण आम्हांला मोठेपण वाटते ते झाडावरच्या छत्र्यांचे.

आता ते खाजगी कारण.

२००३ च्या दिवाळीच्या सुमारास आम्ही सीमाभागातील एका तालुक्यास तहसीलदार होतो. तेथील एका महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे एक तरुण अध्यापक होते. महाविद्यालयास दूरध्वनीवरून इंटरनेट मिळे. अडीच किलोमीटरवरील एका खेड्यातील हायस्कुलात देणगीदाखल आलेले दोन संगणक होते, पण दूरध्वनी नव्हता. अध्यापकांनी व चार मुलांनी दोन्ही गच्च्यांवर एकेक डबा बसविला आणि मधल्या चिंचेच्या झाडाला चुकवून दुवा जोडला. आठ दिवस तो चालला. मग कोणी अर्ज केला की महाविद्यालयाच्या गच्चीवर बिनपरवाना बिनतारी यंत्र आहे. सीमाभागातील हवा त्या काळी कशी असे हे वाचक जाणतात. कोण कोणाशी काय बोलतो याची चौकशी लगेच होई. १८८५ चा तार अधिनियम आणि १९३३ चा बिनतारी अधिनियम आमच्यापुढे होते. दुसऱ्या कायद्यानुसार असे यंत्र नुसते बाळगण्यासही परवाना लागे. इमारतीच्या आत अल्पशक्तीची मुभा मिळू लागली होती, पण गच्चीवर ती नव्हती. आम्ही पंचनाम्याचा आदेश काढला. डबे उतरले.

कायद्याने आम्ही चुकलो नाही, हे आजही म्हणतो. लहरींना हद्दीचे दगड नसतात. कोणी कोठे किती बोलावे याचा निर्बंध नसेल तर पोलीस, विमाने, रुग्णवाहिका यांचे कोणालाच ऐकू येणार नाही. परंतु वरिष्ठांकडे परवान्याची शिफारस करणारे एक पत्र लिहिणे आमच्या हाती होते. ते आम्ही लिहिले नाही. अध्यापक दोनदा येऊन बसले. दोन्ही वेळा आम्ही बैठकीत होतो. पैकी एकदा खरोखरच होतो.

पुढे पंधरा महिन्यांनी, जानेवारी २००५ मध्ये, केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा उघड्यावरील वापरासही परवानामुक्त केला. अँटेनाचा जोर धरून चार वॅटपर्यंत परिणामी शक्ती, आणि उंची गच्चीपासून पाच मीटरच्या आत, अशा अटी होत्या. लागलीच फेब्रुवारीत धर्मशाळेस तेथील संस्था व शाळा जोडणारे बिनतारी जाळे सुरू झाले. १८८५ व १९३३ चे ते दोन्ही अधिनियम मागे सारण्याची तरतूद २०२३ च्या दूरसंचार कायद्याने केली. निवृत्तीनंतर एकदा आम्ही कागदावर हिशेब मांडला. त्या काळचे संगणकातील बिनतारी कार्ड सुमारे तीस मिलिवॅटचे असे. डब्याने आठपट केले तरी पाव वॅट भरत नाही. म्हणजे नव्या मर्यादेच्या सोळाव्या हिश्शाहूनही कमी.

अधिसूचना निघाली त्या उन्हाळ्यात आमची बदली झाली. कार्यभार सोपविण्याच्या आदल्या दिवशी अध्यापक तिसऱ्यांदा आले. या वेळी आम्ही त्यांना बसवून घेतले, चहा मागविला आणि अव्वल कारकुनांकडून मुद्देमालाची नोंदवही आणविली. नोंद अशी होती: 'रिकामा डबा, पत्र्याचा, नग दोन, तांब्याच्या तारेसह.' पुढे किंमत या रकान्यात शून्य. आम्ही दिलगिरीचे दोन शब्द बोललो. ते संकोचून म्हणाले, "साहेब, डबे राहू द्यात. डबे आम्हांला कितीही मिळतील. त्यातले कनेक्टर तेवढे द्या, ते मुंबईहून मागवले होते."