मोटर ट्रॉली : कोळशाच्या रुळांवरची छोटी गाडी

रुळांच्या तपासणीसाठी वापरली जाणारी, इंजिन बसवलेली छोटी उघडी गाडी म्हणजे मोटर ट्रॉली. हैदराबाद संस्थानात येल्लंदूजवळ १८७१ मध्ये विल्यम किंग यांना कोळसा सापडला. १८८९ मध्ये खाणकाम सुरू झाले आणि कोळसा नेण्यासाठी निजामाच्या रेल्वेने डोर्नकलहून फाटा काढला. १९२९ मध्ये पूर्ण झालेला काझीपेट-बल्लारशाह मार्गही बेल्लमपल्लीच्या कोळसापट्ट्यातून चंद्रपूर जिल्ह्यात येतो.

रेल्वेच्या नियमात ट्रॉलीची ओळख सोपी आहे: चार माणसांना उचलून रुळाबाहेर ठेवता आली पाहिजे. त्याहून जड असेल ती लॉरी. सोबत लाल झेंडी, हातदिवा, रुळावर लावायचे फटाके आणि साखळी-कुलूप लागतेच. चालवणारा पात्रता असलेला रेल्वे कर्मचारीच हवा.

अमेरिकेत अशा जुन्या गाड्या विकत घेऊन हौशी मंडळी बंद पडलेल्या खाणमार्गांवर फिरतात. आपल्याकडे मात्र काझीपेट-बल्लारशाह मार्गावर रात्रंदिवस गाड्या धावतात. तिथे हौसेखातर रुळावर उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार विनापरवाना प्रवेशाला सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.