आठवड्याचे पान

‘वार लावून जेवणे’ म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते. गावी पुढची शाळा नाही, घरी ऐपत नाही, अशा विद्यार्थ्याने मोठ्या गावी जाऊन सात घरे धरावयाची. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, असा आठवडा भरून काढावयाचा. माधुकरी निराळी. तिच्यात झोळी घेऊन दारोदार शिजलेले अन्न मागावे लागे. वाराच्या मुलाला मात्र घरच्या पंगतीत पाट मिळे.

माझे आजोबा करकंबहून पंढरपुरास शिकायला गेले, ते असेच सात घरी जेवून. शनिवारचे घर गरिबाचे होते, असे ते सांगत. भाकरी आणि शेंगांची चटणी, एवढेच पानात पडे. पण वाढता वाढता ती माउली विचारी, “गेल्या खेपेला खोकत होतास, बरे वाटले का रे?” रोजच्या जेवणात माणसे एकमेकांना गृहीत धरतात आणि वर्षाच्या मेजवानीत बोलायला सवड नसते. आठ दिवसांनी भेटणाऱ्याची खबर मात्र पानावरच घेतली जाते.

ते ऋण फेडावे म्हणून की काय, आजोबांनी पुढे करकंबला बाजाराच्या दिवशी पंगत धरली. आसपासच्या वस्त्यांवरून आलेले सोयरे आणि स्नेही दुपारी आमच्या ओसरीवर जेवत. ज्वारीची भाकरी, आमटी, ठेचा. थंडीत शेतावरचा हुरडा. पाऊसपाणी, बैलांच्या किमती, मुलींची स्थळे, सारे तेथेच निघे.

पण वाचकहो, या आनंदाला एक कुंपण होते. गावकुसाबाहेरून येणारा आमचा गडी अंगणात बसे आणि त्याची भाकरी त्याच्या हातावर वरून टाकली जाई. वाराच्या पद्धतीलाही हेच कुंपण होते. पाट मिळे तो बहुधा आपल्या जातीच्या मुलाला.

हे कुंपण ओलांडणे किती कठीण होते, ते आपला इतिहास सांगतो. मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण यांच्या परमहंस सभेचे सभासद गुपचूप जमून परक्या हातचा पाव खात. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि सभा मोडली. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमधील चहाच्या एका पेल्यापायी टिळक-रानड्यांसारख्यांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. उलट, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले, तेथे सर्व जातींची मुले एकाच चुलीवरचे अन्न एका पंगतीत बसून खाऊ लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. तेथे कोणाला वार मागावा लागला नाही.

आमच्या ओसरीपर्यंत हे वारे यायला १९४७ साल उजाडले. पंढरीचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले, ते १० मे रोजी सुटले. घरी सांगतात, की त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी आजीने गड्याला ओसरीवर बोलावले आणि सर्वांच्या ओळीत पान मांडले. विठोबा चोख्याच्या घरी जेवल्याची कथा तिने कीर्तनात शेकडो वेळा ऐकली होती. दोन सोयरे पानावरून उठून गेले. आजोबा त्यांच्याकडे पाहत राहिले, मग मुकाट्याने खाली बसले आणि त्यांनी पहिला घास घेतला. उठून गेलेल्यांपैकी एकजण वर्षभराने परत आला. दुसरा कधीच आला नाही. त्याची आठवण निघाली की आजीचे डोळे भरून येत. पण मांडलेले पान तिने पुन्हा अंगणात नेले नाही.

आमच्याकडे बाजाराच्या दिवसाची ती पंगत अजून बसते. माणसे आता मोटारसायकलीवर येतात आणि भाव मोबाइलवर पाहतात. तरी पान वाढताना कोणीतरी विचारतेच, “गेल्या आठवड्यात आला नाहीत, बरे आहे ना?” दिवाळीचा फराळ चार दिवसांत संपतो. यंदा तो संपल्यावर आठवड्यातला एखादा वार आपणही धरून पाहा. आणि पाने मांडण्यापूर्वी, अंगणात कोणी राहिले नाही ना, तेवढे एकदा डोकावून घ्या.